देवाचे मार्गदर्शन आणि आपला रोजचा संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिघोरी येथे दिलेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या घरच्या कार्याला आपण मला बोलाविले, याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. विषयही आपणच सुचविला. ख्रिस्ती माणूस देवावर भरवसा ठेवून संसार करतो म्हणजे काय करतो, आणि देव मार्ग दाखवितो असे तुम्ही म्हणता तो कसा दाखवितो, हे आम्हांला आमच्या भाषेत सांगा, असा आपला निरोप होता. निरोप मिळाला तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. आनंद यासाठी की, येथे जमलेल्यांपैकी बहुतेकींचा धर्म माझ्याहून निराळा आहे. कोणी पंढरीच्या विठ्ठलाला मानणारी आहे, कोणी बुद्धाला वंदन करणारी आहे. तरीसुद्धा शेजारणीच्या घरात प्रार्थनेच्या वेळी काय चालते, हे समजून घ्यावे असे आपल्याला वाटले. भीती यासाठी की, देवाविषयी बोलू लागले म्हणजे माणसाच्या तोंडी मोठमोठे शब्द फार लवकर येतात. ते टाळावे म्हणून मी असे ठरविले आहे की, आपल्या मराठी मुलखात होऊन गेलेल्या दोन बायकांची हकीकत सांगावी आणि तिच्यातून आपल्या उपयोगाचे काय निघते ते आपण सगळ्यांनी मिळून पाहावे. कोणाचा धर्म बदलावा असा माझा हेतू नाही, हे आरंभीच सांगून टाकते.

पहिली बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असतानाही त्यांनी आपल्या पत्नीला शिकविले आणि आईने मुलीला शिकविले. हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे करीत, पुराण सांगत हिंडत असे. पुढे दुष्काळात अन्नान्नदशा झाली. 1874 साली वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी हिंडत हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोचली. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या गृहस्थांशी लग्न केले, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी. वय अवघे तेवीस वर्षांचे.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. आपल्यांतल्या एखादीवर असे प्रसंग कोसळले, तर गाव काय म्हणेल? नशीब म्हणेल, पूर्वजन्मीचे म्हणेल, आणि आम्हां ख्रिस्ती लोकांत कोणी म्हणेल की देवाची इच्छा. हे शब्द सांत्वनासाठी वापरले तर ठीक आहे. पण पुष्कळदा ते समोरच्या बाईने गप्प बसावे म्हणून वापरले जातात. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी पुण्यास येऊन 1882 साली आर्य महिला समाज काढला, 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज या गावी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी हिंदुस्थानातल्या विधवांची स्थिती लोकांसमोर मांडली. तेथल्या मंडळींनी दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदासदन सुरू झाले. त्या शाळेतली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण त्यांच्या आयुष्याचे दार ज्या बाईने उघडले ती ख्रिस्ती होती, आणि त्या दारातून पुढे कर्व्यांच्या घरी स्त्रीशिक्षणाचे केवढे काम उभे राहिले, हे आपण जाणताच.

रमाबाईंचे सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. शारदासदन 1890 मध्ये पुण्यास आले, आणि 1893 मध्ये मोठा गदारोळ झाला. या शाळेत धर्माची सक्ती होणार नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार लावून घेत नसत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. पालकांना ते पटले नाही. सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले आणि पुष्कळ मुली शाळेतून काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. मला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, श्रद्धा उघडपणे जगावी की झाकून ठेवावी हा प्रश्न ख्रिस्ती बाईला त्याही काळी होता, आणि तो आजही आहे. माझे उत्तर असे की, आपली प्रार्थना लपवू नये आणि दुसरीच्या गळी उतरवूही नये. दार उघडे ठेवावे. उंबरठ्यावरून ओढून मात्र कोणाला आत घेऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. देव मार्ग दाखवितो तो कसा? पुष्कळांना वाटते की, रात्री स्वप्न पडते, आकाशवाणी होते, किंवा पुस्तक उघडले की बोट ठेवलेल्या ओळीत उत्तर मिळते. रमाबाईंची हकीकत पाहिली तर असे फारसे दिसत नाही. अमेरिकेची मदत दहाच वर्षांची होती. ती संपल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून पुणे जिल्ह्यात केडगावजवळ त्यांनी जमीन घेतली. विचार इतकाच की, फळबाग लावावी, विहिरी खणाव्या आणि फळांच्या उत्पन्नावर शाळा चालवावी. ही झाली एका हिशेबी गृहिणीची दूरदृष्टी. तिच्यात चमत्कार काही नव्हता.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. त्याची झळ मध्यप्रांताला फार लागली. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच होता. बातम्या वाचून रमाबाईंच्या डोळ्यांसमोर स्वतःचे बालपण उभे राहिले. आईबापांची उपासमार त्यांनी पाहिली होती. हातात पैसा नव्हता, जागा नव्हती, आणि जेवढ्या मुली होत्या त्यांचाच खर्च कसाबसा भागत होता. त्यांनी प्रार्थना केली आणि निघाल्या. मध्यप्रांतात हिंडून, दुष्काळी छावण्या पाहून त्यांनी उपाशी, टाकलेल्या, नासाडीच्या वाटेवर असलेल्या मुली नि बायका गोळा केल्या. सुमारे तीनशे जणी त्यांच्या पदरी आल्या. इतक्यात पुण्यात प्लेग! शहरात एवढ्या मुली ठेवण्यास सरकारची मनाई झाली. आता जावयाचे कोठे? केडगावची ती फळबागेची जमीन होती! तेथे तट्ट्यांच्या खोपट्या उभारून मुलींना ठेविले. त्यातूनच मुक्तिसदन झाले, आणि 1898 मध्ये त्याचा रीतसर समर्पणविधी झाला. 1899-1900 च्या दुष्काळानंतर तेथली वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. आजही ती संस्था केडगावी चालू आहे.

भगिनींनो, यात मला देवाचे मार्गदर्शन दिसते, आणि ते कसे दिसते ते सांगते. जमीन घेताना रमाबाईंना दुष्काळाची कल्पना नव्हती. मुली आणताना त्यांना प्लेगची कल्पना नव्हती. प्रत्येक वेळी समोर जे कर्तव्य दिसले ते त्यांनी केले. मागे वळून पाहिल्यावर मात्र एक पाऊल दुसऱ्या पावलाची तयारी होते हे त्यांना कळले. आपण धानाचे पऱ्हे टाकतो तेव्हा रोवणीला पाऊस येईल की नाही हे कोणाला ठाऊक असते? तरी आपण बियाणे निवडतो, बांधी नीट करतो, धुरे बांधतो. रात्री शेतावर जाताना बॅटरीचा उजेड चार पावलांपुरताच पडतो. त्या चार पावलांत बोडीची पाळ दिसत नाही, घरही दिसत नाही. पण चार पावले टाकली म्हणजे पुढच्या चारांवर उजेड पडतो. जागच्या जागी उभी राहून सगळी वाट दिसावी असा हट्ट धरणारी बाई घरी कधी पोचणार? प्रभू येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही आजच्याच भाकरीचे मागणे आहे. वर्षाचा कोठार भरून द्यावा असे त्यात नाही. आजची भाकर आणि आजचा उजेड, एवढ्यावर चालावयाचे, याला मी भरवसा म्हणते.

दुसरी हकीकत लक्ष्मीबाई टिळकांची. यांचे नाव स्मृतिचित्रे या आत्मचरित्रामुळे घरोघर माहीत आहे. त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना नवा करार वाचावयास दिला, आणि तेथून त्यांच्या मनाला वळण लागले. तो लोहमार्ग आपल्याच भंडारा जिल्ह्यातून जातो. आपल्या धानाच्या बांध्यांजवळून ती गाडी गेली असेल, आणि त्या डब्यात मराठी ख्रिस्ती कवितेचे बीज पडत होते हे कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना उजेड दिसला. पण लक्ष्मीबाईंच्या घरात त्या दिवशी अंधार झाला. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई नवरा असून नसल्यासारखी झाली. कित्येक वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. पुढे मुलाला घेऊन त्या टिळकांकडे राहावयास गेल्या. पण आपला धर्म सांभाळून, आपला स्वयंपाक वेगळा करून. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, हे त्यांना हळूहळू, स्वतःच्या विचाराने पटले, आणि मगच 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला मार्ग दिसला म्हणून बायकोने डोळे मिटून मागे जावे असे त्यांनी केले नाही. मला वाटते, येथेच त्यांच्या श्रद्धेचे मोल आहे. देव नवऱ्याशी बोलतो तसा बायकोशीही बोलतो, आणि तिच्या गतीने बोलतो.

त्या पुढे काय करीत होत्या? पोरक्या मुलांना घरात घेत होत्या. पुरेसा पैसा नसताना येणाऱ्याजाणाऱ्यांचे जेवण करीत होत्या. नवरा कवी, हातचे देऊन टाकणारा. महिनाअखेरीचे गणित मात्र हिच्या माथी. लिहिणेवाचणे घरीच, नवऱ्याच्या हाताखाली शिकलेले. 1919 मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे ख्रिस्तायन हे काव्य अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. स्मृतिचित्रेचे भाग 1934 पासून निघू लागले, आणि 1936 च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. ते पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना ठाऊक आहे की, त्यात उपदेश फार थोडा आहे आणि हसू पुष्कळ आहे. देवावर विसंबलेल्या बाईचे तोंड सदा लांबट असावे अशी काही गरज नाही, हे लक्ष्मीबाईंनी मराठी वाचकांना दाखवून दिले.

आता कोणी विचारील, बाई, हे सगळे खरे. पण मनात आलेला विचार देवाचा की आपलाच, हे ओळखावे कसे? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण येथे फसगत झाली तर नुकसान फार मोठे होते. मी स्वतः तीन गोष्टी पाहते, त्या सांगते.

पहिली गोष्ट, या विचाराचे ओझे कोणावर पडते? देवाचे नाव घेऊन मी एखादा निर्णय केला, आणि त्यात लाभ माझा व त्रास माझ्याहून दुबळ्याचा असेल, तर तो आवाज देवाचा नव्हे असे मी समजते. मुलगी दहावी झाली, पुढे शिकविण्यास पैसे लागतात, आणि तेवढ्यात स्थळ चालून आले. देवानेच पाठविले असे आपण म्हणतो. ते देवाने पाठविले की आपल्या खर्चाच्या भीतीने, हे त्या मुलीच्या तोंडाकडे पाहून ठरवावे. तिचे वय अठरा भरले नसेल तर विचारावयाचेही काही उरत नाही. येशूने लहानांना जवळ घेतले आणि लहानांना अडखळविणाऱ्यांना फार कडक शब्दांत बजाविले, हे ख्रिस्ती आईने विसरू नये.

दुसरी गोष्ट, हाताशी असलेले साधन मी टाकून तर देत नाही ना? रोवणीच्या दिवसांत आपल्याकडे साप चावण्याचे प्रकार होतात. अशा वेळी प्रार्थना करावी की दवाखान्यात न्यावे, असा प्रश्नच नाही. गाडीत घालावे, दवाखान्याची वाट धरावी, आणि गाडीत बसून प्रार्थना करावी. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. आणि एखादा ख्रिस्ती माणूस नुसता डोक्यावर हात ठेवून बसला, तर त्यानेही तोच अर्धा तास दवडला. सापाच्या विषावरचे औषध शोधून काढण्याची बुद्धी देणारा कोण? देवाने एका हाताने दिलेले नाकारून दुसऱ्या हाताकडे बघत बसणे, याला मी विश्वास म्हणणार नाही. रमाबाईंनी केडगावी पाण्यासाठी प्रार्थना केली आणि विहिरीही खणल्या. मुलींना नुसते भजन न शिकविता विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकविले, आणि आंधळ्या बायकांनाही वाचावयास नि टोपल्या विणावयास शिकविले.

तिसरी गोष्ट, हा विचार मी दोघीचौघींपुढे मांडू शकते का? एकटीने, गुपचूप, घाईने करावयाचे असे जे काही असते, त्याचा मला संशय येतो. खरा उजेड चार माणसांच्या नजरेला भीत नाही. आपले मंडळ याच कामाचे आहे. बचतगटाचे कर्ज काढावयाचे आहे, नवऱ्याच्या दारूपायी घर सोडावेसे वाटते आहे, मुलाला कामासाठी नागपूरला पाठवावयाचे आहे. अशा वेळी एखाद्या शहाण्या मैत्रिणीचा सल्ला हासुद्धा देवाचाच शब्द असू शकतो. आणि दारूबद्दल निघालेच म्हणून सांगते. नवरा मारतो ही देवाची इच्छा आहे, ती सोसावी, असे कोणी आपणांस बायबल पुढे करून सांगितले, तर ऐकू नका. ज्या प्रभूने लोकांच्या हातच्या दगडांपासून एका बाईला वाचविले, त्याच्या नावावर बाईला मार खावयास लावणे हे त्याच्या शिकवणीच्या उलट आहे. अशा बहिणीच्या पाठीशी मंडळाने उभे राहावे. कायदाही आज तिच्या बाजूचा आहे.

एक कठीण गोष्ट सांगावयाची राहिली. भरवसा ठेवला म्हणजे दुःख चुकते असे नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, आईच्या सगळ्या कामाची वारस, जुलै 1921 मध्ये आईआधी गेली. रमाबाई त्या वेळी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात गुंतल्या होत्या. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या होत्या. मुलगी गेल्यावर त्यांनी काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेविला, आणि ते भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात छापून निघाले. त्याचे खिळे तेथल्याच बायकांनी जुळविले होते. कोणी दुष्काळातून आलेली, कोणी घरच्यांनी टाकलेली. मनोरमा का गेली, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते आहे असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. क्रुसावरच्या येशूनेही देवाला का म्हणून विचारले होते. विचारावयास हरकत नाही. विचारता विचारता हातचे काम पुढे चालू ठेवता आले, तर तीच देवाची सोबत, असे मी मानते.

आपल्या भागात जुने मामा तलाव आहेत. कोण्या काळी कोहळी लोकांनी ते बांधले. बांधणाऱ्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. पण त्यांच्या पाण्यावर कित्येक पिढ्यांचे धान पिकले. बांधणाऱ्याने आपल्या हयातीपुरता हिशेब केला असता तर एवढी पाळ कशाला घातली असती? मंडळाचे काम असेच आहे. हिशेबाची वही चोख ठेवणे, आजारी शेजारणीच्या घरी डबा पोचविणे, विधवा बहिणीला हळदीकुंकवाच्या दिवशी मागे न ठेवणे, शाळा सोडलेल्या मुलीच्या आईला पुन्हा एकदा भेटणे, ही सारी त्या पाळीवरची एकेक टोपली माती होय. ख्रिस्ती बाई ती येशूचे नाव घेऊन टाकील, दुसरी आपल्या देवाचे नाव घेऊन टाकील, तिसरी कोणाचेही नाव न घेता टाकील. पाणी मात्र सगळ्यांच्या बांधीत जाईल.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, या वर्षी प्रत्येकीने असे एक काम निवडावे, जे करावयाचे हे मनाला केव्हाचे ठाऊक आहे पण सगळी वाट दिसत नाही म्हणून राहून गेले आहे. त्याचे पहिले पाऊल या आठवड्यात टाकावे. पुढच्या वर्धापनदिनी पुढचा उजेड कसा पडत गेला, हे आपण एकमेकींना सांगू या.

 मंडळाची भरभराट होवो आणि आपल्या घरादारांवर देवाची कृपा असो, अशी प्रार्थना करून माझे भाषण पुरे करते.